पलंगाची जागा वगळून

४ फेब्रुवारी

प्रिय पाढेबाई,

अनेक आशीर्वाद.

पाचव्या वर्षी तू एकोणतीसचा पाढा घडाघडा म्हणायचीस म्हणून हे नाव मी ठेवलं. आता तू खरोखरच करसल्लागाराच्या ऑफिसात बसतेस. तेव्हा नाव ठेवण्यातली माझी अक्कल मान्य कर आणि एका प्रश्नाचं उत्तर दे. फोन करत नाही, कारण फोनवर मला माणूस बोलतोय की माशी गुणगुणतेय ते कळत नाही. टायपायला बोटं जाड. पत्र बरं.

मागची खोली झाली! चौदा वर्षं मी स्वयंपाकघरातल्या टेबलावर बूट शिवले. कातड्याचा वास भाजीला आणि फोडणीचा वास बुटाला. गिऱ्हाईक कधी बोललं नाही, पण नाकं मला दिसत होती. मागे मोडक्या सायकली आणि रिकामे डबे भरलेली खोली होती ना, ती रिकामी केली. जमीन एका पातळीत आणली, मोठी खिडकी पाडली, सोल चिकटवताना डोकं चढायचं म्हणून हवा बाहेर फेकणारा पंखा बसवला, आणि दरवाजा रुंद करून उंबरा काढून टाकला. तो उंबरा मला वर्षानुवर्षं सलत होता. माझ्याकडे येणाऱ्यांतल्या निम्म्यांचे दोन पाय सारखे नसतात, काहींना तर चालताच येत नाही. आणि बूट बनवणारीच्या दारात उंबरा!

परवा ती शाळेतली मुलगी चाकाच्या खुर्चीतून आली. नेहमी तिचे वडील तिला उचलून आत आणायचे. या वेळी ती सरळ आत आली, टेबलाशी थांबली आणि म्हणाली, "मावशी, मी एकटीच आले." वडील बाहेरच उभे होते. त्यांना काय करावं सुचेना. मला हसू आवरेना.

आता प्रश्न. शेजारीण म्हणते, घरात धंदा असेल तर घराच्या सुधारणेचा खर्च करातून वजा मिळतो. खरं की तिच्या इतर बातम्यांसारखंच? मिळत असेल तर काय काय? खोली तर झालीच, त्याच वेळी सगळ्या घराचं गळकं छप्पर बदललं, आणि स्वयंपाकघरात नवे कप्पे केले. कप्पेही घालू का? गिऱ्हाइकांचा चहा तिथूनच येतो.

फुकटाचं मला नको. हक्काचं मात्र मी सोडत नाही.

तुझी,
मावशी

---

१२ फेब्रुवारी

प्रिय मावशी,

नमस्कार. पत्र ऑफिसात आलं आणि मी ते माझ्या टेबलावर बसून वाचलं. 'माझ्या' या शब्दाखाली रेघ आहे असं समज. मागच्या महिन्यापासून मला स्वतःचं टेबल आहे, खिडकीजवळ. एक पाय डुगडुगतो, पण टेबल माझं आहे.

शेजारीण या वेळी खरं बोलली. आता नीट ऐक.

फक्त धंद्यासाठी असलेल्या खोलीवर केलेला खर्च पूर्ण धरता येतो. सगळ्या घराच्या उपयोगाचा खर्च, म्हणजे तुझं छप्पर, खोलीच्या वाट्याइतकाच धरायचा. खोली घराच्या पाव असेल तर छपराचा पाव. आणि राहत्या भागाचा खर्च अजिबात नाही. म्हणजे कप्पे नाहीत. चहा कितीही चांगला असला तरी नाहीत!

आणखी एक. मोडलेलं पूर्वीसारखं केलं तर ती दुरुस्ती, ती त्याच वर्षी वजा होते. पूर्वी नव्हतं असं काही केलं तर ती सुधारणा, ती वर्षानुवर्षं थोडी थोडी वजा होत जाते. तुझी खिडकी पुढची बरीच वर्षं कामाला येणार आहे, उजेडालाही आणि करालाही.

सगळ्या पावत्या पाठव. खोलीची आणि घराची मापं पाठव. आणि एका प्रश्नाचं अगदी खरं उत्तर दे, कारण सगळं त्यावर उभं आहे. त्या खोलीत बूट सोडून दुसरं काही होतं का? तिथे कुणी जेवतं, झोपतं, कपडे वाळत घालतं? घरातल्या घरात धंदा करणारे इथेच घसरतात.

काका कसे आहेत?

तुझी,
पाढेबाई

---

२० फेब्रुवारी

प्रिय पाढेबाई,

आशीर्वाद. पावत्या सोबत आहेत, एकूण सतरा. सुतार पावती द्यायला तयारच नव्हता. म्हणाला, "बाई, आपल्यात कशाला कागद?" मी म्हटलं, "आपल्यात म्हणजे कुणात? माझी भाची कागदावर जगते." मुकाट्याने लिहून दिली.

मापं मी स्वतः घेतली. खोली पंधरा बाय बारा, म्हणजे एकशेऐंशी चौरस फूट. सगळं घर सातशेवीस. बरोबर पाव. बघ, आकडेसुद्धा तुझ्या बाजूने आहेत.

तुझा प्रश्न. कपडे गच्चीवर वाळतात. जेवण स्वयंपाकघरात, नेहमीसारखं. खोलीत यंत्र, टेबल, साचे आणि कातडं. गिऱ्हाइकांच्या पायांचे लाकडी साचे एका भिंतीला ओळीने लावलेत. दोनशेच्या वर आहेत. कुणाची बोटं आत वळलेली, कुणाची टाच नाहीच. एकटी असले की मी त्यांच्याशी बोलते. तेवढेच असे आहेत जे मला ऐकू येत नाही म्हणून ओरडत नाहीत.

काका बरे आहेत. तुझी आठवण काढतात.

सुतार सांगतो की टेबलाच्या पायाखाली पुठ्ठा घालू नये. कातड्याचा तुकडा पाठवते, तो घाल.

तुझी,
मावशी

---

३ मार्च

प्रिय मावशी,

कातड्याचा तुकडा घातला. टेबल आता माझ्यापेक्षा स्थिर आहे.

तुझं विवरणपत्र भरून दिलं. खोली पूर्ण, छपराचा पाव, कप्पे शून्य. आमच्या सरांनी तीन पानं चष्मा कपाळावर ढकलून वाचली, मग चष्मा लावून पुन्हा वाचली, आणि लाल पेन खिशात ठेवलं. ऑफिसात सगळ्यांना माहीत आहे की ते पेन खिशात जातं तेव्हा सरांना काही सापडलेलं नसतं. कौतुक म्हणून त्यांच्याकडे तेवढंच असतं.

संध्याकाळी घरी चालत गेले. बस होती, तरी.

तुझी,
पाढेबाई

---

९ जुलै

पाढेबाई,

कर कार्यालयाचं पत्र आलंय. घरातल्या धंद्याचा खर्च धरला आहे, तरी अधिकारी २२ तारखेला सकाळी जागा पाहायला येतील. नक्कल सोबत आहे.

तुला एक गोष्ट सांगायची राहिली. राहिली नाही. मी सांगितली नाही.

खोलीत काकांचा पलंग आहे.

झटका आल्याला चार वर्षं झाली. उजवं अंग गेलं, बोलणं तुटक झालं, हे तुला माहीत आहे. पुढच्या खोलीत ते दिवसभर भिंतीकडे तोंड करून पडायचे. मी स्वयंपाकघरात शिवत असायचे. मला ऐकू येत नाही, त्यामुळे त्यांनी हाक मारली तरी कळायचं नाही. एकदा तासभर मारत होते, पाणी हवं होतं. नवी खोली झाली तेव्हा पहिल्याच दिवशी मी पलंग आत घेतला. आता मान वर केली की ते दिसतात.

तू विचारलंस तेव्हा मला कळलं होतं की उत्तर काय आहे. पण पावत्या बांधून झाल्या होत्या. आणि खरं सांगू? या घरातून पहिल्यांदाच काहीतरी रुबाबात बाहेर जात होतं. त्यात पलंग लिहावासा वाटेना.

सुतार म्हणतो, तासाभरात पलंग पुढच्या खोलीत हलवतो, अधिकारी गेले की परत आणतो. सांगू का त्याला?

मावशी

---

१३ जुलै

मावशी,

पलंगाला हात लावायचा नाही. सुतारालाही सांग.

मी रागावले आहे, लपवत नाही. "फक्त धंद्यासाठी" असं मी लिहून दिलंय आणि खाली माझी सही आहे. तुला एक गोष्ट मीही सांगितली नव्हती. सही करून दिलेलं हे माझं पहिलंच प्रकरण. सर म्हणाले होते, "घरचंच आहे ना, मग तुझ्या नावावर जाऊ दे." मी तुला सांगितलं नाही, कारण शिकाऊ भाचीकडे तू काम दिलं नसतंस असं मला वाटलं.

आता काय करायचं ते ऐक. अधिकारी येण्याआधीच आपण दुरुस्तीचं पत्र देतोय. पलंगाची लांबी-रुंदी उलट टपाली कळव, तेवढी जागा मी खोलीतून वगळते. अधिकारी आले की विचारतील त्याचं खरं उत्तर दे. जास्त नको, कमी तर अजिबात नको.

पाढेबाई

---

१६ जुलै

पाढेबाई,

लांबी सहा फूट, रुंदी तीन. अठरा.

तू शिकाऊ आहेस हे मला माहीत होतं. तुझ्या आईने टेबल मिळालं त्याच दिवशी कळवलं होतं. मी मुद्दाम तुझ्याकडेच दिलं. पहिलं गिऱ्हाईक कुणीतरी व्हावंच लागतं. माझं पहिलं गिऱ्हाईक तुझे काकाच होते. मी शिवलेला बूट घालून ते आठ दिवस कारखान्यात गेले आणि पायाला फोड आला तरी बोलले नाहीत. तुझ्या सहीवर मी डाग आणला, त्याचं मला वाईट वाटतं.

तुझं पत्र मी त्यांना वाचून दाखवलं. वाचायला नको होतं. त्यांनी डाव्या हाताने माझी बाही धरली आणि एकेक शब्द लावत म्हणाले, "मला... लपवलंस? मी काय... चोरीचा माल?"

दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. आधीच बोलतात किती, त्यातून हे.

मावशी

---

२४ जुलै

प्रिय पाढेबाई,

परवा अधिकारी येऊन गेल्या. सगळं सांगते, क्रमाने सांगते, मध्ये अडवायला तू समोर नाहीस हे बरं.

पन्नाशीच्या बाई, हातात फाइल आणि मोजपट्टी. त्यांच्या डाव्या बुटाची टाच बाहेरून झिजलेली होती. मी बोलले नाही. मी म्हटलं, "मॅडम, समोर बघून बोला, मी ओठ वाचते." त्या खुर्ची ओढून अगदी समोर बसल्या आणि शेवटपर्यंत एकदाही तोंड फिरवून बोलल्या नाहीत. मला तिथेच त्या आवडल्या.

खोली मोजली. खिडकी, पंखा, दरवाजा, सगळं पावत्यांशी ताडून पाहिलं. साच्यांची भिंत बघत जरा जास्तच वेळ उभ्या राहिल्या. मग पलंगापाशी आल्या. काका टेकून बसले होते, मी सकाळीच त्यांना इस्त्रीचा शर्ट घातला होता.

"हे कोण?"

"माझे यजमान."

"ते इथे काय करतात?"

तू म्हणाली होतीस, खरं सांग. मी म्हटलं, "आराम करतात."

काकांनी पलंगाच्या कडेवर मूठ आपटली. मला ऐकू गेलं नाही, पण जमिनीतून पायाला कळलं. वळून बघते तर ते बाईंकडे बघत होते. "काम," ते म्हणाले. "काम करतो."

टेबलावर एक जोड तयार होता. त्याच चाकाच्या खुर्चीतल्या मुलीचा, दुपारी न्यायला येणार होती. काकांनी हात पुढे केला. मी बूट दिला. त्यांनी डावा हात आत घातला, डोळे मिटले, आणि बोटं हळूहळू फिरवली. पुढे बोटांच्या जागी, मग कडेने, मग टाचेत. टाचेच्या जरा वर थांबले. बूट माझ्याकडे परत केला.

"टाका," ते म्हणाले. "वर आलाय."

मी हात घातला. मला काही लागेना. सकाळी मीच तो तपासून ठीक म्हणून ठेवला होता. भिंग घेऊन अस्तर उलटं केलं, तर एका टाक्याची गाठ तांदळाच्या कणाएवढी वर आलेली.

बाई म्हणाल्या, "एवढ्याशा गाठीने काय होतं?"

मी सांगायला लागले, तर काकांनी हात वर केला. म्हणजे मी गप्प. त्यांना सांगायला खूप वेळ लागला, पाढेबाई. बाईंनी घड्याळाकडे पाहिलं नाही. ते म्हणाले, "त्या पोरीच्या... पायाला... कळत नाही. गाठ टोचेल. जखम होईल. तिला... कळणार नाही." मग डाव्या हाताने आपला उजवा हात उचलला आणि मांडीवर सोडला, तो धपकन पडला. "याला पण... कळत नाही. मला माहीत आहे. कुणाला तरी... कळायला हवं."

बाईंनी बूट मागून घेतला आणि त्या गाठीवर स्वतःचं बोट फिरवून पाहिलं.

बाईंनी मला विचारलं, "हे रोज करतात?"

"प्रत्येक जोड. यांच्या हाताखालून गेल्याशिवाय एकही बाहेर जात नाही."

"किती परत पाठवतात?"

"दहातले दोन. कधी तीन. मी भांडते."

त्यांनी फाइल उघडली, पानं उलटली, आणि कागद माझ्यापुढे धरला. घरातल्या माणसांचा तक्ता. "मग यांच्या नावापुढे व्यवसाय 'काही नाही' असं का?"

ते मीच चार वर्षांपूर्वी लिहिलं होतं, इस्पितळाच्या फॉर्मवर, आणि मग सगळीकडे तेच उतरत गेलं. मी पलंग लपवला असं मला वाटत होतं. मी काय लपवलं ते मला तेव्हा दिसलं.

आणि बघ, त्या वेळी मला वाटलं, आता पलंगही कामाचाच म्हणून धरून घेतील. तोंडावर आलं होतं. पण तुझी सही आठवली. मी म्हटलं, "मॅडम, दुपारी जेवल्यावर ते तासभर तिथेच झोपतात. तेही सांगते."

बाई पहिल्यांदा हसल्या. "मग पलंगाची जागा मला वगळावी लागेल. खुर्ची असती तर धरली असती."

काका म्हणाले, "बरोबर." अगदी कारखान्यातल्या मुकादमासारखे, पावती मान्य केल्यासारखे.

बाई गेल्यावर मी टाका उसवून पुन्हा घातला. दुपारी मुलगी आली. तिला बूट मी घातला नाही. काकांच्या हातात दिला, आणि त्यांनी तिला दिला.

आता ते माझ्याशी बोलतात. पुष्कळ बोलतात. बहुतेक वेळा माझ्या टाक्यांबद्दलच.

तुझी,
मावशी

---

५ ऑगस्ट

प्रिय मावशी,

तुझं पत्र मी ऑफिसात वाचायला घेतलं आणि अर्ध्यातून जिन्यात जाऊन उभी राहिले.

निकाल आलाय. खोली पलंगाची जागा वगळून धरली, एकशेबासष्ट चौरस फूट. म्हणून छपराचा वाटा पावाऐवजी साडेबावीस टक्के. खिडकी, पंखा, जमीन, दरवाजा, सगळं त्याच हिशेबाने, म्हणजे नव्वद टक्के, मान्य. आपण आधीच दुरुस्तीचं पत्र दिलं होतं, म्हणून दंड नाही. आणि माझी एक चूक निघाली. भिंतीचा पडलेला गिलावा मी सुधारणेत घातला होता. अधिकाऱ्यांनी समासात लिहिलंय, "ही दुरुस्ती आहे, याच वर्षी पूर्ण वजा करावी." म्हणजे चूक माझी आणि फायदा तुमचा. समोरच्याची चूक समोरच्याच्या भल्यासाठी दुरुस्त करणारं कार्यालय मी पहिल्यांदा पाहिलं. सरांनीही.

सरांना सगळं सांगितलं, पलंगासकट. मला वाटलं, लाल पेन बाहेर येणार. ते म्हणाले, "हलवला नाहीत ना? मग झालं." आणि नवीन तीन फाइली माझ्या टेबलावर ठेवल्या.

आता माझी कबुली. तक्त्यातलं ते "काही नाही" मी जुन्या कागदावरून डोळे झाकून उतरवलं. मला पाचव्या वर्षी चप्पल घालायला शिकवणाऱ्या माणसाच्या नावापुढे. मावशी, तुझा पलंग आणि माझं ते "काही नाही", आपली फिटंफाट झाली असं मी मानते.

सोबत एक फॉर्म आहे. काका धंद्यात भागीदार होतात, अर्धे अर्धे. कायद्याने ते योग्य आहे, आणि कायदा नसता तरी असतं. सही काकांची लागेल, डाव्या हाताची चालते, मी विचारून घेतलंय. व्यवसायाचा रकाना मी कोरा ठेवलाय. तो मी भरणार नाही आणि तूही भरू नकोस.

तुझी,
पाढेबाई

---

१९ ऑगस्ट

पाढेबाई,

हे मी लिहितोय. डाव्या हाताने. तीन दिवस लागले. मावशीला लिहू दिलं नाही.

फॉर्म सोबत आहे. सही तीनदा कागदावर काढून पाहिली, चौथी फॉर्मवर. रकाना फार लहान होता. त्यात 'बूट कारागीर' मावत नाही. अक्षर चौकटीबाहेर गेलंय. कार्यालय काही म्हणालं तर सांग, माणूस मोठा आहे.

अर्धे अर्धे मला मान्य नाही. मावशी शिवते, मी फक्त बघतो. तिचे साठ, माझे चाळीस कर. ती ऐकत नाही. दोघांत तू ठरव, तुला पाढे येतात.

आज सकाळी दोन जोड आले. एक परत पाठवला. मावशी चिडली आहे, पाठ करून बसली आहे, म्हणजे मी काही बोललो तरी तिला दिसू नये. पण तिने टाका उसवायला घेतलाय. मला इथून दिसतंय.

काका